तुले शेपूट लावणार नाही, म्हणाली होतीस

शकूताई,

तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून निघून गेले. हे मीच आधी सांगते. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्या कानावर गेलं असतं तर तू म्हटलं असतंस, "नलीचं नाक पाहा केवढं, मेलेल्या माणसावर पण रुसते." तर हो, रुसले आहे. रुसणं हा शब्दही कमी पडतो. तू माझा विश्वासघात केलास, आणि तो मला कळला तेव्हा तुझ्या फोटोला हार घातलेला होता. भांडायला समोर कोणी नाही, म्हणून हा कागद घेतला आहे.

आणि कागदावर "मला" नि "तुला" लिहिते आहे म्हणून हसू नकोस. तुझ्यासमोर जन्मात कधी "मला" म्हटलं नाही. पण बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पेन हातात आलं की हात आपोआप सरळ होतो. राग चढला की परत वाकडा होईल, बघशील.

सेक्टरातल्या त्या ब्लॉकमध्ये आपली दोन क्वार्टरं, मधे एक भिंत, आणि भिंतीला टेकलेलं तुझं मुनग्याचं झाड. शेवग्याच्या शेंगा अर्ध्या तुझ्या, अर्ध्या माझ्या. तू स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरीची क्लर्क, मी प्रायमरीत मास्तरीण, आपल्या दोघींचे नवरे तिथल्याच रेल मिलला. मी वर्ध्याची, तू आर्वीची, म्हणजे माहेरही जवळपास एकच. बाकी सगळ्या ब्लॉकात हिंदी, नाहीतर छत्तीसगढी. त्या भिंतीपाशी उभं राहून मराठीत बोलायचं आणि पोटभर बोलायचं, एवढ्यासाठी मी सकाळचे कपडे मुद्दाम हळूहळू वाळत घालायची.

दर रविवारी दहाच्या सुमाराला तू यायचीस. टाइम ऑफिसातल्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली गोष्ट हातात. मी व्हरांड्यात भाजी निवडत बसलेली. तू वाचायचीस, मी ऐकायची. नागपूरच्या मासिकाच्या संपादकाआधी, तुझ्या नवऱ्याआधी, सगळ्या पोरांच्या आधी तुझी गोष्ट ऐकायचा मान माझा होता. मला त्याचा गर्व होता, आजही आहे. आणि एवढंच नव्हतं. तुला गोष्टीआधी माणूस लागायचा. "नले, एखादा माणूस दे नं," म्हणायचीस. मी द्यायची. बाजारातला, शाळेतला, जिन्यातला. तू दोन-चार दिवस तो डोक्यात घोळवायचीस आणि मग त्याला शेपूट लावायचीस. आपला शब्दच तो होता. "देशकर साहेबाले शेपूट लावलं का वं?" "लावलं. रेडा केला."

आठवतो तो रेडा? वरच्या मजल्यावरचे देशकर साहेब पाणी जपून वापरा म्हणून सगळ्या ब्लॉकाला भाषण द्यायचे आणि पहाटे पहिली टाकी स्वतःची भरायचे. तुझ्या गोष्टीत रेडा सगळ्या जनावरांना सांगतो, तळं स्वच्छ ठेवा रे, आणि स्वतः तळ्याच्या मधोमध बसलेला असतो. गणपतीच्या कार्यक्रमात देशकर साहेबांनी ती गोष्ट स्वतः माइकवर वाचली, रेड्याचा आवाज काढून. सगळ्यांत जास्त तेच हसले. आपण मागच्या खुर्च्यांवर पदर तोंडात कोंबून बसलेल्या. घरी येताना तू म्हणालीस, "शेपूट लावलं का माणूस दुसऱ्याले ओळखते, सोताले नाही ओळखत." मी म्हटलं, काय हुशार बाई आहे ही.

पण नुसती माणसांची चहाडी करून तू लिहीत नव्हतीस, हेही खरं. प्राणी गोष्टीत जे करेल ते आधी तू डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. त्यासाठी मला प्राणिसंग्रहालयात नेऊन त्या अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर बसवायचीस, डब्यात पोहे घेऊन. एक तास बोलायचं नाही. मग तू विचारणार, काय पाहिलं? मी म्हणायची, झोपलं होतं. तू म्हणायचीस, "झोपलं नव्हतं वं, ते पाय चाटून राहिलं होतं, एकच पाय, उजवा." आणि पुढच्या रविवारी उजवा पाय चाटणारं अस्वल तयार. मुलांच्या गोष्टींत सिंहाला सिंहासनावर बसवणाऱ्या लेखकांचा तुला असा राग यायचा! "सिंहाले खुर्ची कायले पाहिजे? तो दिवसभर पडून राहते. याहीनं कधी सिंह पाहिला का?"

आपलं खरं भांडण तात्पर्यावरून. मला तात्पर्य हवं असायचं. वर्गात गोष्ट सांगितली की पोट्टे विचारायचे, मॅडम, इससे क्या सीख मिली? पुस्तकात खाली चौकटीत लिहिलेलं असतं, मग तुझ्या गोष्टीत का नाही? तू म्हणायचीस, रेड्याले जाऊन विचार त्याले काय शीक मिळाली. मी म्हणायची, मग लिहितेस कशाला? तू म्हणायचीस, "दाखवाले. मी शिकवून नाही राहिली, दाखवून राहिली." हे भांडण तीस वर्षं चाललं. मी रिटायर झाले, तू वैशाली नगरला घर बांधलंस, आम्ही दुर्गला बोरसीत आलो, तरी फोनवर चालूच होतं. तुझ्या शेवटच्या दिवाळीलाही तू तेच म्हणालीस आणि मीही तेच.

आता मुद्द्यावर येते. आतापर्यंत टाळत होते, कळलं असेल तुला.

मे महिना होता. शाळेला सुट्ट्या, रेवा नऊ वर्षांची, मावशीकडे वर्ध्याला गेलेली. ब्लॉकच्या मागच्या आंब्यावर वानरांची टोळी उतरली होती आणि आपण दोघी मागच्या दारात कैऱ्या चिरत बसलो होतो. एक वानरीण पोटाशी काळं पिल्लू घेऊन आली. दुसरीनं हात पुढे केला. पहिलीनं पिल्लू तिच्या हवाली केलं, दूरच्या फांदीवर गेली आणि आपल्याकडे पाठ करून खात बसली. पिल्लू किंचाळत होतं. ती वळूनही बघेना.

तू म्हणालीस, "कशी माय आहे वं ही?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण असंच केलं."

कैरीवरची सुरी थांबली तुझी. मग मी सगळं सांगितलं. रेवा सात महिन्यांची असताना मी तिला वर्ध्याला माझ्या ताईकडे ठेवून आले. जगाला सांगितलं, मला टीबी झाला. टीबी नव्हता. खोकलासुद्धा नव्हता. टीबी हा शब्द ह्यांनी शोधला, कारण टीबी म्हटलं की लोक घरी येत नाहीत आणि फार विचारत नाहीत. खरं हे होतं की मला ते पोर नको होतं. ती रडायला लागली की मला दार उघडून पळून जावंसं वाटायचं. दूध पाजताना मी भिंतीकडे पाहायची. एक दिवस तिला पलंगावर रडत ठेवून, बाहेरून कडी लावून, मी क्वार्टरच्या मागे जाऊन बसले आणि ह्यांची शिफ्ट सुटेपर्यंत तिथंच बसून राहिले. आता म्हणे त्याला डॉक्टरी नाव आहे, औषध आहे. तेव्हा एकच नाव होतं, खराब बाई. दोन वर्षं दोन महिने पोर ताईकडे राहिलं. माझं मन कधी आणि कसं सरळ झालं, मला कळलं नाही. एक दिवस तिचं झबलं कपाटात सापडलं आणि मी वर्ध्याची गाडी पकडली. तिथं ती ताईच्या लुगड्यामागे लपली आणि मला "बाई" म्हणाली.

हे फक्त ह्यांना आणि ताईला माहीत होतं. तिसरी तू. कैरीच्या फोडीला तिखटमीठ लावून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "तुले मी कधीच शेपूट लावणार नाही."

मी मागितलं होतं का वचन? नाही. माझ्या डोक्यातही नव्हतं. तूच आपणहून दिलंस, म्हणून ते जास्त खोल गेलं.

पुढच्याच वर्षी एका रविवारी तू आलीस, बसलीस, चष्मा लावलास आणि वाचायला लागलीस. "एक वानरीण होती. तिला पिल्लू नको होतं."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी म्हटलं, "थांब." तू म्हणालीस, "पूर्ण तर ऐक, नले." मी म्हटलं, "फाड." तू कागदाची घडी केलीस आणि "बरं" म्हणालीस. मला वाटलं, फाडशील. आता विचार करते तर तू नुसतंच बरं म्हटलं होतंस. दिवाळीत रेवा मासिक हातात घेऊन नाचत आली, "आई, काकूची नवी गोष्ट! वांदरीणची!"

सात महिने मी तुझ्याशी बोलले नाही. त्या वर्षी मुनग्याच्या शेंगा झाडावरच वाळल्या, कारण अर्ध्या कोणाच्या हे विचारायला कोणी भिंतीपाशी आलं नाही. मग ह्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि तू हॉस्पिटलात डबा घेऊन उभी. मी दोन घास खाल्ले. शेवटी तू म्हणालीस, "वरण खारट झालं का?" मी म्हटलं, "हाव." एवढ्यावर परत सुरू झालं सगळं. त्या गोष्टीचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. पुढे तुझी तीन पुस्तकं निघाली, तिन्हींची प्रुफं मी तपासली, फक्त ती आठ पानं न वाचता पुढे सरकवली. तू ते पाहिलंस आणि चहा ठेवायला आत गेलीस.

आणि बघ नशीब. माझ्या पोरीला तुझ्या सगळ्या गोष्टींत तीच आवडायची. दुपारी माझ्याजवळ आडवी पडून म्हणायची, आई, वांदरीणची वाच नं. मी म्हणायची घसा दुखतो, आणि खोकायची. खोटं खोकायची, ताई. तशी ती पळत जाऊन पाण्याचा गिलास आणायची. तिच्या सगळ्या लहानपणात मला तो गिलासच दिसतो. मी कुठेही खोकले, ठसका लागला, फोडणीचा धूर गेला, तरी खेळ टाकून पाणी घेऊन हजर. आईला एकदा टीबी झाला होता ना. मग सोळा-सतरा वर्षांची झाली तशी ती यायची थांबली. मी खोकले तरी पुस्तकातून मान वर करत नसे. मला वाटलं, मोठी झाली, मुली अशाच होतात. थोडं वाईट वाटलं, मग सवय झाली.

परवाच्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा. रेवा पुण्याहून आली होती खास, तुझ्यासाठी. तिसऱ्या रांगेत बसली. पन्नासेक माणसं. तुझा प्रशांत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मावशी, आईची एक गोष्ट तुम्ही वाचाल का? उसने खुद मार्क करके रखी थी. म्हणाली होती, नलूच वाचेल." पुस्तकात खूण म्हणून घातलेली टाइम ऑफिसच्या फॉर्मची पट्टी मी लगेच ओळखली. पान उघडलं. तीच.

काय वं ताई, मेल्यावर सापळा लावते का कोणी? पन्नास माणसांसमोर, माइकवर, पोरगी समोर बसलेली! नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. मी चष्मा लावला. वाचलं. "एक वानरीण होती. तिला पिल्लू नको होतं." पुढच्या रांगेतली एक म्हातारी "अगं बाई!" म्हणाली. मी पुढे वाचलं. "तिनं टोळीला सांगितलं, मला खोकला झाला आहे."

खोकला! तो तरी सोडायचा होतास. रेडा कर, अस्वल कर, काहीही कर, पण माझा तो खोटा खोकला जसाच्या तसा उचलून छापलास! मी रेवाकडे पाहिलं. ती माझ्याचकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. पुस्तक टेबलावर ठेवलं, बाहेर आले आणि चपलांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसले.

आत खुर्ची सरकली आणि माइकवर रेवाचा आवाज आला. तुला माहीत आहे, ती हिंदी मीडियमची, मराठी वाचताना दर ओळीला अडते. त्या दिवशी एकदाही अडली नाही. तिला पाठ होती. आणि मी, जिच्यावरून तू ती लिहिलीस, तिनं त्या पायरीवर बसून शेवट पहिल्यांदा ऐकला. वानरीण परत येते. पिल्लू आता मोठं झालेलं, वरच्या फांदीवर बसलेलं, ते तिला ओळखत नाही. वानरीण खालच्या फांदीवर बसते. मधली फांदी रिकामी. ती वर बघते, ते खाली बघतं. दोघंही वाट बघतात. संपली गोष्ट. तात्पर्य नाही, काही नाही. गोंदियाहून, अकोल्याहून तुला पोरांची पत्रं यायची, "मग पुढे कोण सरकलं?" ती पत्रं कोणत्या गोष्टीबद्दल होती, ते मला आता कळलं. तू कोणालाच उत्तर दिलं नाहीस.

रेवा बाहेर आली. माझी पर्स तिच्या हातात होती. तिनं ऑटो थांबवला. बसल्यावर म्हणाली, "मुझे पता है आई. सोलह साल की थी, तबसे."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"सब. टीबी नव्हता ते. कडी लावलीस ते पण. काकूनं सांगितलं."

शकूताई, मले सांग, कावून सांगितलं तू? कावून? गोष्ट छापली ते छापली, ते मी गिळलं होतं. शेपूट होतं तिले, कोणी ओळखलं नसतं. पण तू शेपूट काढून, माहं नाव घेऊन, माह्या पोरीले सांगितलं! आणि मग चोवीस वर्षं माह्या घरी येऊन बसली, माह्या हातचं खाल्लं, तीन पुस्तकांची प्रुफं माह्याकून तपासून घेतली! तू भिंतीपलीकडून हासून शेंगा देत होती तेव्हा तुले माहीत होतं का पोरीले माहीत आहे. पोरीले माहीत होतं का तुले माहीत आहे. एका मलेच काही माहीत नव्हतं, आणि मी एकटी खोकून राहिली होती. इतकी मूर्ख मी जन्मात कधी झाली नाही.

ऑटोत मी रेवावर ओरडले. ऑटोवाल्यानं वळून पाहिलं. ती शांतपणे बोलत राहिली, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. म्हणाली, सोळाव्या वर्षी तिला महिनाभर खोकला लागला होता. तिला खात्री होती, आपल्याला टीबी झाला, आईचाच. मला सांगेना, कारण आजी कधीतरी म्हणाली होती, बाळंतपणातच लागलं तुझ्या आईला. म्हणजे आईला आपल्यामुळे टीबी झाला, हे ती लहानपणापासून मनात धरून बसली होती. म्हणून ते पाणी. मी समजत होते, काय मायाळू पोर आहे! ती घाबरून पाणी आणत होती, ताई. एवढंसं पोर, आईला आपण आजारी केलं म्हणून गिलास घेऊन पळत होतं.

ती तुझ्याकडे येऊन रडली. तू तिला म्हणालीस, "तुह्या मायले कधीच टीबी नव्हता." मग पुढचं सांगावंच लागलं तुला. हे मला समजतं. मी बत्तीस वर्षं पोरं सांभाळली आहेत, रडणाऱ्या पोरीसमोर वचन कोण आठवत बसतं, हेही समजतं. पण ताई, त्याच संध्याकाळी भिंतीपाशी येऊन मला सांगता आलं असतं तुला. "नले, मी सांगून टाकलं." मी सात महिने बोलले नसते. सात वर्षं बोलले नसते. पण ती पोरगी एकटी पडली नसती आणि मीही. तू माझं गुपित फोडलंस, त्याचा राग एका जागी आहे. ते मी सांगायचं होतं, माझ्या तोंडानं, आणि तू ते माझ्या तोंडातून काढून घेतलंस, त्याचा राग त्याहून मोठा आहे. तो जाणार नाही. शब्दांत साखर पेरून मी खोटं लिहिणार नाही. तुझ्या फोटोसमोर उभी राहिले तरी हेच म्हणीन.

मी रेवाला विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली कावून नाहीस?"

ती म्हणाली, "काकूनं शप्पथ घातली होती. तू विचारू नको म्हणाली. तुही माय सोताच सांगेल एक दिवस, तिले सांगू दे. वाट पाह्य."

घर आलं होतं. ऑटोवाला थांबून होता. मला उतरता येईना.

चोवीस वर्षं, ताई. लग्न झालं तिचं, तिला मुलगी झाली. बाळंतपणाला मी पुण्याला गेले, सव्वा महिना तिच्या उशाशी बसले. ती बाळाला पाजताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि मी म्हणायची, असं काय बघतेस, बाळाकडे बघ. ती तेव्हाही वाट बघत होती. तू मला दिलेला शब्द मोडलास. तिनं तुला दिलेला पाळला. आणि मी, जिला कोणी शपथच घातली नव्हती, जी कोणत्याही दुपारी बोलू शकत होती, ती तिच्यासमोर बसून खोकत राहिले.

म्हणून त्या गोष्टीवर तू खूण घालून ठेवलीस ना? मी आपणहून बोलणार नाही, हे तुला कळलं होतं. निदान वाचून तरी दाखवेल, असं वाटलं असेल. तेही मला पूर्ण जमलं नाही.

तुम्ही लेखक लोक भित्रे असता, असं मी तुला एकदा म्हटलं होतं. जे तोंडावर बोलायचं ते सशाच्या नाहीतर वानराच्या तोंडी घालून मोकळे होता. तू हसलीस आणि म्हणालीस, "हाव नं. मी लिहून भिते, तू न बोलता भिते." तेव्हा मला वाटलं, उगाच उलट उत्तर दिलं हिनं.

रेवाची गाडी काल संध्याकाळची होती. दिवसभर आम्ही एकमेकींच्या अवतीभवती कामं करत राहिलो. मी तिच्यासाठी चिवडा केला, तिनं माझी औषधं डब्यांत भरून ठेवली. दुपारी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती आणि मी ओट्याशी उभी. फोडणीत मिरची जास्त झाली, मला ठसका लागला, खरा. ती उठली, माठातून गिलास भरला आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. चाळीस वर्षांची बाई. मी पाणी प्यायले. गॅस बंद केला. तिच्यासमोर खाली बसले.

तिला सगळं माहीत होतं. तरी सुरुवात कुठून करायची ते मला सुचेना. तुझीच सवय लागलेली, ताई, इतक्या रविवारांची. मी म्हटलं, "एक वांदरीण होती..."

रेवानं माझा हात धरला.

"आई," ती म्हणाली, "शेपूट नको."